शनिवारच्या कार्डावरची नावं

शनिवारी दुपारी एक वाजता घरात कुणी बोलायचं नाही, असा सपनाचा कायदा होता. घर म्हणजे हिंगोलीतल्या भाड्याच्या दोन खोल्या. नवरा प्रमोद एस.टी.त कंडक्टर. आठवडाभर 'पुढं सरका, पुढं सरका' करून त्याचा घसा बसलेला असायचा, त्यामुळे गप्प बसायची त्याला आयतीच हौस होती. चार वर्षांची लेक तेवढी कायदा मोडायची आणि धपाटा खायची.

एक वाजता रेडिओवर फर्माइशीचा कार्यक्रम लागे. निवेदिका गावोगावच्या कार्डांवरची नावं भराभर वाचून टाकी. सपना परातीतलं पीठ मळता मळता थांबे आणि सगळा जीव कानात आणून ऐके. महिन्यातून एखाद्या शनिवारी ते येई: "पुसेगावहून सपना, धम्मानंद आणि वाचक मंडळाचे सर्व सदस्य." मग गाणं लागे. त्या दिवशी हमखास एखादी भाकरी करपायची, आणि प्रमोद ती मुकाट्यानं स्वतःच्या ताटात घ्यायचा.

हे वाचक मंडळ म्हणजे फार मोठी संस्था होती असं कुणी समजू नये. पुसेगावच्या बुद्धविहारात पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली धम्मानंदकडे असे. वाचणारे सात जण. त्यातले पाच जण किल्ली मागायला लाजत, म्हणजे उरले दोन. सपना आणि धम्मानंद. दोघांनाही पुस्तक वाचताना एखादं गाणं आठवायचं. प्रत्येक पुस्तकाचं एक गाणं असतं, ते सापडल्याशिवाय पुस्तक वाचून झालं असं म्हणायचं नाही, हे त्या दोघांचं खूळ. पुस्तक संपलं की तो किंवा ती फर्माइशीचं कार्ड टाकी, वर मंडळाचं नाव असे, म्हणून गावात कुणाला संशय येत नसे. गाणं लागलं की दुसऱ्यानं ओळखायचं, हे कोणत्या पुस्तकाचं. याच्यापुढे त्यांच्यात काही म्हणजे काही घडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या दोघांनी ती शेवटपर्यंत उघडलीच नाही.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात सपनाचं लग्न झालं. त्याच वर्षी तिचा भाऊ नोकरीसाठी नांदेडला गेला, मागोमाग आई-वडीलही गेले. पुसेगावच्या घराला कुलूप लागलं आणि तिला त्या गावी जायचं निमित्तच उरलं नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी रेडिओवर तिचं नाव लागलं. ती चुलीपुढं बसली होती, तशीच बसून राहिली. नवीन नवरा समोर जेवत होता. "हे तूच का?" त्यानं विचारलं. "व्हय. आमचं वाचक मंडळ होतं," ती म्हणाली. त्यानं पुढची भाकरी मागून घेतली.

मग पाच महिने काही नाही. ती शनिवार मोजत राहिली, जेवण कमी झालं, सासूबाई कमलबाई शिरड शहापूरहून आल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरीला दिष्ट लागली वाटतं." दिवाळी झाली आणि नाव पुन्हा लागायला लागलं. पुसेगावहून सपना, धम्मानंद. सपनानं त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी पोटभर खाल्लं.

पुढची सहा वर्षं ती त्या गाण्यांवर जगली, असं म्हटलं तरी चालेल. गाणं लागलं की ती ते एका शंभरपानी वहीत लिहून ठेवी आणि हिंगोलीच्या वाचनालयात जाऊन त्याचं पुस्तक शोधू लागे. विहिरीवरल्या बाईचं गाणं आलं, तेव्हा तिनं दुष्काळावरच्या तीन कादंबऱ्या वाचल्या. नावाड्याचं गाणं आलं, तेव्हा नदीकाठच्या माणसांची एक जाडजूड कथा सापडली आणि ती वाचून ती दोन दिवस रडवेली होती. एकदा तर नवऱ्याला उठवणाऱ्या कोंबडीचं भलतंच गमतीचं गाणं आलं. धम्मानंद आणि कोंबडी! तिला मेळच लागेना. शेवटी विनोदी कथांचं एक फाटकं पुस्तक हाताला लागलं आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा हसून हसून पोट धरलं. धम्मानंद आता मोकळा झालाय, हसायला शिकलाय, असं तिनं ठरवून टाकलं. वहीत साठावर पुस्तकं झाली. प्रमोदची गाडी रोज दोनदा पुसेगाववरून जायची. 'विहारातला धम्मानंद दिसतो का हो,' एवढं विचारायला काय लागतं? पण तेवढंच तिच्या तोंडून निघालं नाही. कधीतरी, कुठंतरी तो भेटावा आणि त्यानं म्हणावं, ते नावाड्याचं पुस्तक तू ओळखलंस ना, एवढंच तिला हवं होतं.

नव्व्याण्णवच्या कार्तिकात डेपोच्या लोकांनी आवळीभोजनाला जायचं ठरवलं. हिंगोली जिल्हा होऊन सहा महिने झाले होते, तेवढंच निमित्त. ड्रायव्हर नेमसिंगचा तांडा सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे होता, तिथल्या रानात मोठी आवळी होती. रविवारी सकाळी सगळे निघाले. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. धरणावरून येणारा वारा असा बोचरा की ऊन अंगावर घेऊनही बायका पदर सोडेनात. एका कंडक्टरच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, आवळीला हळदीकुंकू वाहिलं, दोरा गुंडाळला. सपना त्या वेळात शेकोटीत वांगी भाजत होती. पूजा ज्याची त्याची, भरीत मात्र सगळ्यांचं.

पंगत उठत आली तेव्हा नेमसिंग एका माणसाला घेऊन आला. अंगात मास्तरी स्वेटर, गळ्यात मफलर, हातात सीताफळांची पिशवी.

"हे आमच्या तांड्याचे गुरुजी," नेमसिंग प्रमोदला म्हणाला. "धम्मानंद सर. तुमच्या सासरवाडीचेच, पुसेगावचे. तुमी येऊन राहिले म्हणलं, तर मीबी येतो म्हणले."

सपनाच्या हातातलं वांगं राखेत पडलं. प्रमोदनं सरांना जय भीम घातला, त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं, मग बायकोकडे पाहिलं.

"सरांना चहा दे," तो म्हणाला. "तिकडं उन्हात बसा. इथं धूर येऊन राहिला." आणि लेकीला कडेवर घेऊन तो पुरुषांच्या घोळक्यात जाऊन बसला. तिथं गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या होत्या.

दोघं दगडांवर बसले. धम्मानंदचे केस कानाजवळ पिकले होते. बशीत ओतलेला चहा त्यानं प्यायलाच नाही.

"बऱ्या आहात ना?" त्यानं विचारलं.

पुसेगावात तो तिला 'तू' म्हणायचा. सपनाला थंडी वाजली. "बरी आहे," ती म्हणाली.

"एक सांगायचं होतं, म्हणून मुद्दाम आलो. तकलीफ वाटून घेऊ नका." त्यानं घसा साफ केला. "ते कार्ड आता नका धाडू."

"कोणतं कार्ड?"

"फर्माइशीचं. सहा वर्षं झाली, आपली दोघांची नावं लागून राहिली. पयल्यांदा बरं वाटलं, खोटं काहून बोलू? तुमचं लगीन झाल्यावर एक कार्ड लागलं, ते मी आधीच टाकलेलं होतं. त्याच्यानंतर मी एकबी टाकलं न्हाई. पुसेगावबी सोडलं. मग पुन्हा नाव लागलं तवा समजलो, तुमीच धाडून राहिल्या. येता-जाता पुसेगावच्या पेटीत टाकत असाल."

सपना त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

"सुरुवातीला मीबी गाण्याचं पुस्तक हुडकायचो," तो म्हणाला. "मग वाचणंच सुटलं. दोन मास्तरांची शाळा, कुठलं वाचणं? आता लगीन झालंय माझं. राणी काही बोलत न्हाई, पण शनिवारी एक वाजला की उठून रेडिओ बंद करती. तिला काय सांगू मी?"

मी नाही धाडलं, हे सपनाच्या अगदी ओठावर आलं होतं. मग कुणी धाडलं? मनात दुष्काळाच्या तीन कादंबऱ्या, नावाडी, साठ पुस्तकांची ती वही, सगळं एकदम कोसळत होतं. ती सहा वर्षं ज्याच्या बरोबरीनं वाचत होती, तो वाचतच नव्हता.

तेवढ्यात पुरुषांच्या घोळक्यात हशा पिकला. कुणीतरी म्हणत होतं, "कंडक्टर, तुमच्यावर 'क' आला." आणि प्रमोद गायला लागला. त्याला गाताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. आवाज बसलेला, सूर कुठल्या कुठं, पण शब्द न् शब्द पाठ. नवऱ्याला उठवणारी कोंबडी. लोक पोट धरून हसत होते. लेक टाळ्या पिटत होती.

सपनाला दोनात दोन मिळवायला वेळ लागला नाही. इतर कंडक्टर रविवारची सुट्टी मिळावी म्हणून भांडतात, हा भांडून शनिवारची घेतो. गाडी रोज दोनदा पुसेगावच्या पोस्टापुढं थांबते. आणि ते नाव तिच्या संसारात दुसरं कुणाला माहीत होतं? तिला भयंकर राग आला. त्या रागात रडूही आलं, ते धम्मानंदसाठी आलं की स्वतःसाठी, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. एकाच जागी बसून तिनं एक माणूस हरवला होता आणि दुसरा तिला इतकी वर्षं दिसलाच नव्हता.

धम्मानंद उत्तराची वाट पाहत होता. खरं सांगितलं असतं तर कंडक्टरचं हसं झालं असतं, आणि नेमसिंगमार्फत ते डेपोभर पोचायला सोमवारसुद्धा उजाडावा लागला नसता.

"व्हय, मीच धाडत होते," सपना म्हणाली. "चुकलं माझं. आता न्हाई धाडणार. राणीला सांगा, शनिवारी खुशाल रेडिओ लावा."

तो सुटल्यासारखा हसला आणि थंड झालेला चहा एका घोटात प्यायला. नावाड्याच्या पुस्तकाचं तिनं काही विचारलं नाही. विचारण्यासारखं उरलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर लेक प्रमोदच्या मांडीवर झोपली. सोमवारी सकाळी तो खाकी चढवून ड्युटीला निघाला तेव्हा ती दारात उभी राहिली.

"एक कार्ड द्या."

"कसलं कार्ड?"

"तुमच्या तिकिटांच्या पेटीत असणार ते."

प्रमोद उभ्या जागी थांबला. मग खाली बसून त्यानं पत्र्याची पेटी उघडली. तिकिटांच्या गठ्ठ्यांखाली तीन-चार कोरी कार्डं होती. एक काढून त्यानं तिच्या हातात दिलं.

"कवा कळलं?"

"काल. तुमी गाऊन राहिले तवा."

"राग आला?"

"आला. लई आला. सहा वर्षं मी दुसऱ्याला हुडकून राहिले, अन् तुमी हुडकू दिलं."

प्रमोदनं पेटीचं झाकण मिटलं.

"ते पयलं कार्ड लागलं तवा तुझं तोंड असं उजळलं होतं," तो म्हणाला. "मग ते बंद झालं अन् तू वाळायला लागली. तसं उजळवायचं मला काही जमत न्हवतं. म्हणून त्याच्या नावानं जमवलं. गाणी मातर माझ्या मनाची टाकली. तेवढंच."

सपनानं शंभरपानी वही आणून त्याच्यापुढं ठेवली. प्रत्येक गाण्यासमोर एक पुस्तक. कोणत्या गाण्यानं तिला काय वाचायला लावलं, ते तिनं सांगितलं. पुस्तकाचं गाणं असतं, ही गोष्ट धम्मानंदशिवाय आजवर कुणाला ठाऊक नव्हती. प्रमोद एकेका ओळीवरून बोट फिरवत राहिला. दहावीनंतर त्यानं पुस्तकाला हात लावला नव्हता आणि बायकोला मात्र साठ पुस्तकं वाचायला लावली होती. त्या दिवशी त्याची सेनगावची गाडी पंधरा मिनिटं उशिरा सुटली, आणि प्रवाशांनी सरकारला शिव्या घातल्या.

कार्ड तिनं लिहिलं. गाणं कोणतं, हे विचारावं लागलं नाही. नवऱ्याची आवड तिला सहा वर्षांपासून पाठ होती.

कार्ड लागायला पौष उजाडला. मधले शनिवार सुनेच गेले, आणि खरं सांगायचं तर एक वाजला की सपनाचा कान अजून त्या जुन्या नावाकडे लागायचा. ओढ अशी एका दिवसात सुटत नाही. त्या शनिवारी प्रमोद जेवत होता, ती तव्यापुढं होती.

"हिंगोलीहून सपना, प्रमोद आणि वाचक मंडळाचे सर्व सदस्य."

प्रमोदचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत इतकी कार्डं लिहिली, पण त्याचं स्वतःचं नाव त्यानं रेडिओवर आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. सपनानं त्याच्याकडे पाहिलं. त्र्याण्णव साली आपलं तोंड कसं झालं होतं ते तिला कधीच दिसलं नव्हतं. ते आत्ता, समोर, दिसत होतं. ती बघतच राहिली, आणि तव्यावरची भाकरी करपली. या वेळी ती तिनं आपल्या ताटात घेतली.