वीणेकऱ्याच्या तोंडावरची लाली

मित्रांनो, मुळशी धरणाच्या काठी एका लहानशा देवळात खुंटीला टांगलेली वीणा दिसली, तर ती मी, असं समजा. माझं आता वय झालं आहे. माझा भोपळा वेलीवर वाढला, दांडी सागाची, आणि मिरजेच्या एका कारागिराने मला तारा चढवल्या. त्याने पहिल्यांदा तार छेडली तेव्हा मीच दचकले. सुक्या भोपळ्यात आणि लाकडात एवढा नाद कुठून आला? ते नवल मला अजून पुरतं उमगलेलं नाही.

एरवी माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. कोळी खुंट्यांवर जाळी विणतात, पावसाळ्यात दांडीला बुरा येतो. पण भाताची झोडणी उरकून सप्ताह बसला, की माझ्यासारखी भाग्यवान मीच! मला बुक्का लागतो, हार पडतो. सप्ताह चालू असेतो मला जमिनीवर टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून मी दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या वेळी देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतात. वाडीतला धनगर असो की गावचा पाटील, तिथे दोघंही वाकतात. मी छातीशी असते, म्हणून माणसाचं काळीज मला आतून ऐकू येतं.

सगळ्यांत गोड काळीज वाल्मीक अण्णांचं. घरची भातशेती, शांत स्वभाव. त्यांच्या गळ्यात असले की मला ताल धरावा लागत नसे, तो त्यांच्या छातीतच असे. पण मध्ये दोन वर्षं ते सप्ताहाला आलेच नाहीत. नंतर आले ते वाळलेल्या पेंढ्यासारखे होऊन. त्यांच्या डोक्यात, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिच्यावर गाठ आली होती आणि पुण्यात शस्त्रक्रिया करून ती गाठ काढून टाकली होती. पुरुषाच्या अंगात एक रस असतो, टेस्टोस्टेरॉन म्हणतात त्याला. हाडांचं बळ, दाढीमिशी, मनाची उभारी, हे सगळं तो राखतो. तो रस तयार करण्याचा निरोप या वाटाण्याकडून जातो. तो निरोपच थांबला होता.

केवढा हा देह, आणि त्याचा कारभार केवढ्याशा दाण्याच्या हाती! हे सगळं पुढे ऐकलं तेव्हा मी थक्क झाले.

डॉक्टरांनी त्या रसाचं इंजेक्शन सुरू केलं. ठरल्या अंतराने घ्यायचं आणि मधून मधून रक्त तपासायचं, असं बजावलं. अण्णा हळूहळू सावरले. पण ही गोष्ट त्यांची बायको सारजाबाई सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. पुरुषमाणसाने असलं इंजेक्शन घ्यावं, याची त्यांना लाज वाटे.

यंदाचा सप्ताह जवळ आला. अण्णांना वाटलं, उभं राहायला जास्त बळ हवं. म्हणून त्यांनी इंजेक्शन वेळेआधीच घ्यायला सुरुवात केली. रक्त तपासायला तर गेलेच नाहीत. "रगात काढलं की अशक्तपणा येतुया," म्हणाले.

पहिल्या दिवसापासून त्यांचा चेहरा लालबुंद होता. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या बुवांनी तो पाहिला आणि हात उंचावून म्हणाले, "अरे, आमच्या वीणेकऱ्याकडे बघा! ही नामाची लाली आहे, बाबांनो! तेज म्हणतात ते हे!"

झालं! टाळ्या पडल्या. बायका लेकरांना घेऊन अण्णांच्या पाया पडायला येऊ लागल्या. मला गळ्यात घेऊन उभं राहायचे दुसऱ्यांचेही पहारे अण्णांनी मागून घेतले. सारजाबाई मात्र खांबाशी बसून पुटपुटायची, "तेज म्हनं! कानशिलं बघा, रातांब्यावानी लाल झाल्यात. अन् घोरतायत असं, की गोठ्यातली म्हस उठून बसतीया."

मला तर वेगळंच ऐकू येत होतं. त्या गोड काळजाचे ठोके जड झाले होते, चिखलातून गाडी ओढणाऱ्या बैलासारखे. त्यांची बोटं माझ्या तारेवरून घसरत होती. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते. पण वीणेला छेडल्याशिवाय आवाज नाही.

चौथ्या दिवशी दुपारी म्हसू धनगर पहाऱ्याला आला. मला घेण्याआधी रीतीप्रमाणे तो अण्णांच्या पायांवर वाकला, दोन्ही हातांनी पाय धरले आणि तसाच थबकला.

"अण्णा, ह्ये काय वो? बोटं लावली तितं खड्डाच पडलाय! भरंनाच!"

"काय न्हाई रं. उभं राहून सुजल्यात जरा. ऊठ."

"उठतुस कशाला? डोकं बी दुखतंय त्यांचं दोन दिस," सारजाबाई पुढे आली. "अवो, तुमी सांगताय का मी सांगू?"

टाळ थांबले. नुसतं नाम चालू राहिलं, तेही दबक्या आवाजात. माझ्या भोपळ्यावर अण्णांचं काळीज धडधडत होतं. मला वाटलं, आता हे रागावून निघून जातील, आणि वाटेतच कुठेतरी पडतील.

अण्णांनी डोळे मिटले. "बुवा, ह्ये तेज न्हाई," ते म्हणाले. "मी इंजेक्शन घेतो. माज्या अंगातला पुरुषाचा रस आटलाय. बळ यावं म्हणून जास्तीचं घेतलं. ही लाली त्याची हाय."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. बुवा उठले, तसं ते हसणं तिथेच विरलं. बुवांनी अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"लाली ओळखायला मीच चुकलो, अण्णा," ते म्हणाले. "अहो, एका थेंबात देवाने एवढं बळ ठेवलं, त्याची लाज कसली? नवल करायचं ते! पण देवाने ते मापात ठेवलंय. चला, माझी गाडी आहे."

अण्णांनी मला म्हसूच्या गळ्यात घातलं. ते बुवांच्या मागोमाग निघाले.

पुढचं सारजाबाईने देवळात सांगितलं. डॉक्टरबाईंनी रक्त तपासून कपाळाला हात लावला. त्या रसाने रक्त इतकं वाढलं आणि घट्ट झालं होतं, की कधीही गुठळी होऊन झटका आला असता. त्यांनी इंजेक्शन थांबवलं आणि पिशवीभर रक्त काढून घेतलं. तपासायला थेंबभर द्यायला जो माणूस तयार नव्हता, त्याचं पिशवीभर काढल्यावर डोकं हलकं झालं! आता रक्त ठिकाणावर आलं, की कमी मापाने पुन्हा सुरू करायचं, आणि तपासणी चुकवायची नाही.

काल्याच्या दिवशी अण्णा आले. चेहरा जरा फिका होता. म्हसूने मला पुढे केलं.

"आज न्हाई," अण्णा म्हणाले. "डॉक्टरबाईनी उभं ऱ्हायाला बंदी घातलीया. मी बसून टाळी वाजवतो."

ते खांबाशी बसले. थोड्या वेळाने विठ्ठलराव त्यांच्याजवळ सरकले. भल्या मोठ्या मिशांचे, अख्ख्या गावाला दम देणारे विठ्ठलराव अगदी कुजबुजले, "वाल्मीक, मला बी लई थकवा वाटतोय. त्ये इंजेक्शन मला चालंल का?"

"आदी रगात तपासा, विठ्ठलराव. कमी आसंल तरच, अन् त्ये बी डॉक्टर म्हनंल तेवढंच. उगा बळासाठी घ्याल, तर माज्यावानी व्हईल." अण्णा हसले. "अन् हळू कशाला बोलताय? हितं समद्यांना ठावं हाय आता. सोमवारी चला माज्यासंगं."

विठ्ठलरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग मान हलवून मोठ्याने म्हणाले, "सोमवारी किती वाजता?"

मित्रांनो, मी तर भोपळा आणि लाकूड. माझी तार सैल झाली तर कुणीही ऐकून ओळखतं. तुमच्या देहात मात्र देवाने किती तारा लावल्या आहेत, त्या दिसत नाहीत की ऐकू येत नाहीत. त्यांच्यापुढे हात जोडावेत असंच ते नवल आहे. तुमच्या बाबांना, आजोबांना कधी असं औषध लागलं, तर त्यांना हसू नका. ठरल्या वेळी त्यांचं बोट धरून रक्त तपासायला घेऊन जा. आणि त्यांनी आढेवेढे घेतले, तर सारजाबाईसारखं चारचौघांत विचारा, "तुम्ही सांगताय का मी सांगू?"