तोंडावर हसणारी माणसं

"वेनिंग, बाहेरच्या त्या मंडळींना समोरच्या चिंचेखाली सतरंजी अंथरून दिली तर त्यांनाच जास्त सोयीचं होईल, असं नाही वाटत तुला?"

बुदे हार्तिनींनी हे इतक्या हळू विचारलं, की शेजारच्या खुर्चीवरल्या बाईला वाटलं असेल, त्या मला चहा हवा का विचारताहेत. बुदे म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भगिनी. सोलो शहरात हुकूम असाच देतात, शेवटी प्रश्नचिन्ह लावून. या हुकमाचा अर्थ होता: बसवाल्यांना फाटकाच्या आत घेऊ नकोस.

आई पहाटे गेली होती. तिला न्हाऊ घालून, पांढऱ्या कापडात गुंडाळून झालं होतं. हिरवं वस्त्र आणि मोगऱ्याच्या माळा घातलेला जनाजा ओसरीत ठेवला होता. अंगणात नातेवाईक आणि गल्लीतले लोक हात मांडीवर ठेवून बसले होते. रडण्याचाही आवाज होऊ नये याची सगळे काळजी घेत होते. आणि लोटलेल्या फाटकाबाहेर, गल्लीच्या तोंडाशी एक रिकामी बस आडवी उभी होती. तिच्यातून दहाबारा माणसं उतरली होती. ड्रायव्हर, कंडक्टर, टर्मिनलवरचा पंक्चर काढणारा. काहींच्या अंगात गणवेश, काहींच्या पायात नुसत्या सपाता. त्यांना मीच फोन करून बोलावलं होतं.

"मी बघते, बुदे," मी म्हणाले.

सोलोत याचा अर्थ 'हो' असा घेतात. तसा तो मला अभिप्रेत नव्हता.

आईचं नाव मुंतिआ. ती सुराबायाची. तिथल्या नदीकाठच्या वस्तीत वाढली, आणि सोलोच्या एका शाळामास्तराशी लग्न करून इकडे आली. दोन्ही शहरं एकाच बेटावर आहेत, बसनं एका दिवसात जाऊन येता येतं. पण आई म्हणायची, मी परदेशात दिली गेले. सोलोत वडीलधाऱ्यांशी बोलायची भाषा वेगळी, उंची भाषा. तिच्यात जेवण्याला वेगळा शब्द, झोपण्याला वेगळा, मरण्याला तर वेगळाच. सुराबायात एकच भाषा, आणि तिच्यात मीठमसाल्यासारखा एक शब्द: चोक. शिवी आहे. अर्थ सांगण्यासारखा नाही. पण तिकडे ती आपल्या माणसालाच देतात. "काय चोक, जेवलास का?" परक्याला कोणी चोक म्हणत नाही. परक्याला साहेब म्हणतात.

लग्नानंतरच्या पहिल्या ईदला घराण्यातले सगळे बुदेंकडे जमले होते. धाकट्यांनी थोरल्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून माफी मागायची, मग जेवणं. जेवणानंतर कोणीतरी आईला विचारलं, जेवलात का? आईनं आठवडाभर पाठ केलेली उंची भाषा काढली आणि हात जोडून म्हणाली, "हो, आमचं भोजन झालं. आता आम्ही घरी पधारतो."

थोरल्यांसाठी राखलेले शब्द तिनं स्वतःलाच लावले होते. खोलीतल्या सगळ्या माना खाली गेल्या आणि हात तोंडावर गेले. चूक कोणीच सांगितली नाही. ती बाबांनी वाटेत सांगितली, सायकल हातात धरून चालता चालता. आई तिथंच रस्त्यात थांबली.

"चुकले त्याचं काही नाही हो," ती म्हणाली. "तोंडावर हसले असते तर मीपण हसले असते. हाताआड हसणाऱ्या माणसाला मी काय उत्तर देऊ?"

पुढच्या ईदपर्यंत तिला ती भाषा चांगली येऊ लागली होती. तरीही तिनं बुदेंकडे सरळ बघत म्हटलं, "आमचं भोजन झालं. आता आम्ही पधारतो." त्याच्या पुढच्या ईदलाही. मी लहानपणापासून ते वाक्य दर वर्षी ऐकलं, आणि दर वर्षी हात तोंडावर जाताना बघितले. बाबा मात्र हात न लावता हसत. उशिरा हसत. आईनं सकाळी केलेला विनोद त्यांना शाळेत कळायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन ते हसायचे. आई म्हणे, "आलं पार्सल."

मी शाळेत जायला लागल्यावर तिनं टर्मिनलवर, पूर्वेच्या गाड्या लागतात त्या फलाटासमोर, भाताची टपरी टाकली. भात, उकडलेला पाला, वर शेंगदाण्याची तिखट चटणी. सुराबायाहून आलेली गाडी तिथं थांबायची. गाडीवरचे ड्रायव्हर-कंडक्टर पोटासाठी धावणारी माणसं, पण ती उतरली की आईचं गाव उतरल्यासारखं व्हायचं. सगळे तिला माक म्हणत, म्हणजे आई.

"माक, भात शिळा दिसतोय!"

"तुझ्या थोबाडाइतका नाही. बस खाली, चोक."

"आज मिरची लागतच नाही, माक."

"सोलोची मिरची आहे बाबा ती. आधी हात जोडते, मग चावते."

गाडीला वेळ झाली की ते निघून जात आणि आई पुढच्या गाडीची वाट बघत ताटं विसळायची. बुदे एकदा टपरीवर आल्या होत्या. उभ्याच राहिल्या. "मुंतिआ, शिक्षकाच्या पत्नीनं असं टर्मिनलवर बसलं, तर लोकांचा गैरसमज नाही का व्हायचा?"

"होऊ द्या की," आई म्हणाली. "नुसता समज तरी कुठं झालाय अजून?"

बाबा गेले तेव्हा मी तिला म्हटलं होतं, आता सुराबायाला जाऊन राहा. ती जाऊन बघून आली. वस्तीच्या जागी मोठा रस्ता झाला होता, भाऊ नव्हते, भाचरं पांगली होती. "गाव जागेवर राहिलं नाही गं," ती म्हणाली. "बसमध्ये बसून फिरतं ते आता. मी आपली थांब्यावर आहे तेच बरं." आणि दुसऱ्या दिवशी चटणी कुटायला बसली.

शेवटच्या दुखण्यात टपरी बंद झाली. फुप्फुसं थकली होती. गल्लीतल्या बायका येत, हळू आवाजात विचारत, "आता तब्येतीत उतार आहे ना?" त्या गेल्या की आई उशी सावरायची. "मरतेय हे दिसतंय की त्यांना डोळ्यांनी. तो सोलिकिन कंडक्टर बघ. काल फोनवर म्हणतो, 'माक, अजून इथंच तू? मी तर फुलं घेऊन बसलो.'" ते सांगताना ती इतकी हसली की तिला खोकला आवरेना, आणि मला तिची पाठ धरून बसावं लागलं.

खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "मला गोड बोलून वाटेला लावू नकोस. माझ्या माणसांना बोलव. माझ्या बोलीतले दोन शब्द पडू देत कानावर. नाहीतर मला वाटेल, दुसऱ्याच कुठल्या बाईला पुरताहेत."

"मी बोलेन."

"तू? तुझी शिवी सोलोची. साखर घालून देशील."

पेशइमाम पाक जुमादी ओसरीच्या पायरीवर उभे राहिले तेव्हा मला तेच आठवत होतं. जनाजा उचलायची वेळ झाली होती. जनाजा निघण्याआधी आमच्याकडे साक्ष मागतात. तीनदा विचारतात, गेलेलं माणूस चांगलं होतं का. जमलेल्यांनी उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर वर पोहोचतं.

"उपस्थित सज्जनहो," पाक जुमादींनी उंची भाषेत विचारलं, "आपल्या दिवंगत भगिनी मुंतिआ यांच्याविषयी आपण काय साक्ष देता? त्या सद्वर्तनी होत्या ना?"

"होत्या," अंगणातून आलं. पाचोळा हलल्याएवढं. फाटकाबाहेर काहीच पोहोचलं नसणार.

"पाक जुमादी," मी म्हणाले, "बाहेरच्यांना ऐकू आलं नाही."

माना वळल्या. साक्ष मागताना मध्येच कोणी बोललेलं त्या अंगणानं पाहिलं नव्हतं. बुदे माझ्या अगदी जवळ आल्या. "वेनिंग, आतल्या एवढ्या मंडळींची साक्ष पुरेशी नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

सोलोत हा शब्द कोशात असतो. बोलताना त्याच्याभोवती इतका कापूस गुंडाळतात की तो कोणाला लागत नाही. मी तो तसाच दिला. बुदेंची पापणीही हलली नाही, फक्त त्यांनी ओढणीचं टोक मुठीत धरलं.

मी अंगण ओलांडलं आणि फाटक ओढलं. एक दार उघडलं, दुसऱ्याचा खालचा खटका गंजून बसला होता. मी वाकून तो ओढत होते तेव्हा पलीकडून तोयिब ड्रायव्हरनं दाराला खांदा लावला. खटका सुटला. दोन्ही दारं भिंतीला लागली.

सोलिकिन कंडक्टर अगदी पुढे होता. पन्नाशीचा, गणवेशाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेला. अशी लावलेली मी कधी बघितली नव्हती. त्यानं आत न येता उंबऱ्यावरूनच जनाज्याकडे बघितलं आणि नजर खाली केली.

"आत या," मी म्हणाले. "सगळे या."

ते आले. खुर्च्यांवरच्या लोकांनी पाय आत घेतले. पाक जुमादींनी बुदेंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दुसऱ्यांदा तेच विचारलं. आवाज थोडा चढवून, पण त्याच भाषेत. आमच्या लोकांनी पुन्हा "होत्या" म्हटलं. बसवाले एकमेकांकडे बघत राहिले.

"काय विचारतोय गं हा बाबा?" सोलिकिननं मला विचारलं. त्याला ते कानात विचारायचं होतं. पण आयुष्यभर इंजिनावर ओरडलेला गळा, सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

"आई चांगली होती का, विचारतायत."

"आता हे काय विचारणं झालं?" त्यानं मान वर केली, आणि गाडी सुटताना टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा असा आवाज लावला. "चांगली होती, चोक!"

कोणाच्या तरी हातातला पेला बशीवर टेकला, तेवढाच आवाज. सोलिकिनला आपण काय बोललो ते कळलं. त्याचा हात झटकन तोंडावर गेला. चेहरा लालबुंद झाला.

"माफ करा साहेब," तो पाक जुमादींना म्हणाला. "तोंडात बसलंय. माफ करा मॅडम," हे बुदेंना. मग माझ्याकडे वळून, "चुकलं मॅडम, मी बाहेर थांबतो." आणि तो खरंच वळला.

मी त्याचा तोंडावरचा हात धरून खाली केला.

"मला मॅडम म्हणू नका," मी म्हणाले. "आणि हात लावू नका तोंडाला. आई कधी लावायची नाही." मग पाक जुमादींकडे वळले. "तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंय."

पाक जुमादी सत्तरीचे. बाबांबरोबर बुद्धिबळ खेळायचे, आईचा भात खायला सायकलवरून टर्मिनलवर जायचे आणि तिथून तिच्या शिव्या खाऊन यायचे. ते कोणाला सांगत नसत. त्यांनी घसा साफ केला, आणि ज्या भाषेत ते आपल्या नातवंडांना जेवायला हाक मारत, त्या भाषेत विचारलं:

"मुंतिआ चांगली होती का रे?"

"चांगली होती, चोक!"

या वेळी सगळे होते. तोयिब, पंक्चरवाला, मागचे पोरसवदा ड्रायव्हर. सोलिकिनचा आवाज शेवटच्या शब्दावर फाटला. मीही म्हटलं. माझ्या शिवीत साखर होती, ती मला ऐकू आली, पण म्हटलं. आणि मागच्या खुर्च्यांतून एक बाई हसली. चांगली मोठ्यानं, उघड्या तोंडानं. लगेच दुसरी हसली. रडूनही घेतलं काहींनी, आता आवाज झालाच होता तर.

बुदेंनी ओढणी सारखी केली आणि त्या आत निघून गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही. त्यांनी तरी आपली भाषा का सोडावी? ती त्यांच्या आईकडून त्यांच्याकडे आली होती.

जनाजा बसवाल्यांनी खांद्यावर घेतला. आमच्याकडची माणसं संथ चालतात, हे भरभर निघाले, मग एकमेकांना दटावून हळू झाले. "अरे हळू, एक्स्प्रेस आहे का ही?" "माकला उशीर खपायचा नाही." गल्लीतून पुढे जाईपर्यंत मला त्यांची कुजबुज ऐकू येत होती.

कबरस्तान टेकाडावर आहे. बाबांच्या शेजारची जागा अरुंद. एका बाजूला जुनी कबर, दुसऱ्या बाजूला चाफ्याचं मूळ वर आलेलं. खणणारे दोघं आत उतरून हात वर करून उभे राहिले. तोयिब आणि बाकीचे आईला घेऊन काठाशी आले, पण पायाखालची माती ओली, कोणाला कुठं पाय टाकावा ते दिसेना. जरा गोंधळ झाला. तेव्हा सोलिकिन पलीकडच्या बाजूला गेला, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही पंजे वर केले. गाडी मागे घेताना ड्रायव्हरला आरसा पुरत नाही, तेव्हा कंडक्टर जसा मागे उभा राहतो तसा. त्याचं त्याला कळत नव्हतं.

"येऊ दे," तो म्हणाला. "येऊ दे… येऊ दे… डाव्या अंगाला मूळ आहे, जरा उजवीकडं काप… हां. सरळ. येऊ दे."

कोणी हसलं नाही. चौघं पाऊल पाऊल पुढे सरकले. खालच्या दोघांचे हात आईला लागले, तिचा भार वरून खाली गेला.

"हळू. येऊ दे. अजून थोडी. येऊ दे…"

पांढरं कापड मातीला टेकलं.

"बास," सोलिकिन म्हणाला. गाडी जागेवर लागली की तिच्या अंगावर थाप मारतात, तशी त्यानं गुडघ्यावर बसून कबरीच्या काठाच्या मातीवर दोनदा थाप मारली, आणि हात तिथंच ठेवला.