खंडेनवमीचं पिस्तूल

माझ्याकडे पिस्तूल आहे हे कळलं की मराठी माणसं आधी हसतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतात. मयुरेशला त्याची सवय झाली आहे. "भाजीत मीठ नसलं तरी मी बोलत नाही," असं सांगून तो टाळ्या मिळवतो, आणि पुढचा अर्धा तास मी सगळ्यांना समजावत बसते की ते नेमबाजीच्या खेळाचं पॉइंट टू टू आहे आणि ते घेऊन मी बाजारात हिंडत नाही. रेगेन्सबर्गपासून पंचवीस किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या शूट्सेनफेराइनची, म्हणजे नेमबाजांच्या क्लबची, मी सहा वर्षं सभासद आहे. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली होती. तेवढ्या भांडवलावर शेजारच्या बाईंबरोबर एका संध्याकाळी सहज म्हणून गेले आणि अडकले.

परवान्यासाठी कोर्स केला, परीक्षा दिली, जर्मनमधून. घरात पिस्तूल आकड्यांच्या तिजोरीत ठेवायचं, आकडे फक्त मला ठाऊक. बाहेर काढायचं ते रेंजवर नाहीतर दुरुस्तीला न्यायला. गाडीत नेताना ते रिकामं हवं, हाताशी नको, आणि पेटीला कुलूप हवं. पेटीला कुलूप नसेल तर कायद्याच्या लेखी तुम्ही पिस्तूल नेत नसता, जवळ बाळगून फिरत असता, आणि तो गुन्हा आहे. परीक्षेत हा प्रश्न होता आणि मी तो बरोबर सोडवला होता.

गेल्या ऑक्टोबरात तर मला गुन्हा वगैरे परवडणारच नव्हता. जर्मन नागरिकत्वाचा माझा अर्ज दीड वर्ष पडून होता आणि अखेर पत्र आलं होतं: पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला येऊन प्रमाणपत्र घेऊन जा. तोपर्यंत माझ्या नावावर पोलिसांत काही नोंद झाली तर कळवणं माझं कर्तव्य आहे, असं त्याच पत्रात खाली लिहिलं होतं. मी ते पत्र फ्रिजवर लावलं होतं आणि महिनाभर सायकलसुद्धा लाल सिग्नलला थांबवत होते.

त्याच महिन्यात माझे सासरे आले. दीनानाथ त्यांचं नाव, वय चौऱ्याहत्तर. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. तिथे खंडेनवमीला अख्खं मशीनशॉप झेंडूंनी सजायचं, लेथला कुंकू लागायचं, साहेब येऊन नारळ फोडायचे. इथे खंडेनवमी शनिवारी आली, आणि बाबांनी मंगळवारपासून धोशा लावला की घरात खरंखुरं शस्त्र असताना सुरी आणि स्क्रूड्रायव्हरची पूजा करणं बरं दिसत नाही.

"बाबा, त्याचे नियम आहेत," मी म्हटलं.

"पूजेला कसला नियम? तू काढून ठेव, मी फुलं वाहीन. हात लावणार नाही."

मी तयार झाले. तिथेच चुकले म्हणा, किंवा तिथून पुढे एकेक चूक करत गेले म्हणा. शनिवारी अकरा वाजता क्लबची वार्षिक स्पर्धा होती, मयुरेश कामासाठी वोल्फ्सबुर्गला गेलेला, आणि बाबांना माझी नेमबाजी बघायला बरोबर यायचं होतं. सकाळी आठला त्यांनी आंघोळ करून चौरंग मांडला. लॅपटॉप, ड्रिल मशीन, माझी विळी. गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला निघाले होते, त्यांना जिन्यातच गाठलं. या देशात त्या चिन्हाने काय होतं ते समजावण्यात वीस मिनिटं गेली, त्यामुळे मी आधीच तापलेली होते.

मग मी तिजोरीतून पिस्तुलाची पेटी काढली, कुलूप काढून चौरंगावर ठेवलं, पेटी उघडली. बाबांनी कुलपालाही कुंकू लावलं, त्यावर एक फूल ठेवलं. इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यांचं बोट सरळ पिस्तुलाच्या नळीकडे गेलं.

"बाबा, हात लावू नका म्हटलं होतं ना!" मी ओरडले. चांगलीच ओरडले. खालच्या मजल्यावरच्यांनी ऐकलं असणार.

त्यांनी हात मागे घेतला. नळीवर कुंकवाचा ठिपका उमटला होताच. मग ते हळूच म्हणाले, "पूजेला ठेवलेलं हत्यार आज वापरत नाहीत, मीनल. उद्या उचलायचं. कारखाना बंद असायचा आमचा."

"अहो, मॅच आज आहे. आणि हे काही तुमचं खडकी नाही."

ते उठले आणि कोट घालायला गेले. मला वाईट वाटलं, पण घड्याळात सव्वादहा झाले होते आणि वाईट वाटायला वेळ नव्हता. मी पेटी खटाखट मिटली, कानावरच्या मफ्स आणि टार्गेट्सच्या मोठ्या बॅगेत टाकली, बॅग पॅसेजमध्ये ठेवली आणि गोळ्यांचा डबा आणायला आत गेले. तो वेगळा न्यायचा असतो. परत आले तेव्हा बाबा बूट घालून दाराशी उभे होते, बॅगेची चेन लावलेली होती. मी बॅग उचलली, डिकीत टाकली आणि निघालो.

गाडीत कुणीच बोललं नाही. बाबा खिडकीतून मक्याची कापलेली शेतं बघत होते. एरवी ते प्रत्येक ट्रॅक्टरची किंमत विचारतात. मी स्वतःशी यादी म्हणत होते, दर वेळी म्हणते तशी: परवाना घेतला, पासपोर्ट घेतला, गोळ्या वेगळ्या, किल्ली... किल्ली समोर लोंबत होती. माझी गाडी जुनी आहे, इग्निशनमध्ये किल्ली घालावी लागते, आणि पेटीच्या कुलपाची किल्ली त्याच जुडग्यात असते. ती हलताना दिसली आणि मला आठवलं. कुलूप चौरंगावर होतं, झेंडूच्या फुलाखाली.

पेटीला कुलूप नव्हतं. मी पिस्तूल बाळगून फिरत होते.

पुढच्या गावात वळायचं आणि घरी जायचं, असं ठरवलं. परत जातानाही गुन्हा चालूच राहणार होता, पण निदान अर्धाच होईल, असला काहीतरी हिशोब तेव्हा डोक्यात चालला होता. गावाच्या पाटीनंतरचं वळण घेतलं आणि समोर पोलिसांची व्हॅन. हिरव्या-पिवळ्या जाकिटातली एक तरुण पोलीस बाई लाल दांडकं हलवत मला बाजूला घेत होती.

"काय झालं?" बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"काही नाही. चेकिंग आहे," मी म्हटलं.

पोलीस बाईंनी गुटन मॉर्गन म्हटलं, लायसन्स बघितलं, गाडीचे कागद बघितले. मी मनात म्हणत होते, एवढ्यावर जाऊ दे. कागद परत देताना त्या हसून म्हणाल्या, "आणि वार्नड्राइएक आणि फर्स्ट एडची पेटी दाखवता का? डिकी उघडा, प्लीज."

गाडी बंद पडली तर रस्त्यावर ठेवायचा तो लाल त्रिकोण आणि औषधांची पेटी, दोन्ही वस्तू डिकीत होत्या, त्या बॅगेच्या खाली.

गप्प बसता आलं असतं. बॅग बाजूला सरकवून त्रिकोण दाखवला असता तर कदाचित त्यांनी काही विचारलंही नसतं. पण मी दरवाजा उघडून उतरले तेव्हा लपवताना पकडले गेले तर चौदा तारीख कायमची गेली एवढं मला स्पष्ट दिसत होतं. स्वतःहून सांगितलं तर निदान खोटं बोलले असं कुणी म्हणणार नाही. म्हणून डिकी उघडण्याआधीच मी सांगितलं: मी स्पोर्टशूट्सिन, म्हणजे नेमबाजीची खेळाडू आहे, आत माझं पिस्तूल आहे, परवाना आहे, स्पर्धेला चालले आहे. आणि पेटीचं कुलूप घरी राहिलं आहे.

त्यांचं हसू गेलं. त्यांनी सहकाऱ्याला हाक मारली, मला दोन पावलं मागे सरकायला सांगितलं. "कुलूप नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं. "नाइन, नाहीये," मी म्हटलं. त्यांनी वही काढली.

तेवढ्यात बाबा गाडीतून उतरले. इथे पोलिसांनी थांबवल्यावर कुणी उतरत नाही, ते त्यांना कुठलं माहीत. सहकारी त्यांना हाताने थांब म्हणत होता आणि ते शांतपणे कोटाची बटणं लावत होते.

"काय म्हणतायत, मीनल?"

"बाबा, आत बसा. पेटीला कुलूप नाही. मी घरी विसरले. आता केस होणार माझ्यावर." हे म्हणताना मला रडू यायला लागलं. पोलिसांसमोर, सासऱ्यांसमोर, भर रस्त्यात.

"कुलूप आहे की," बाबा म्हणाले.

"ते घरी चौरंगावर आहे."

"ते आहे चौरंगावर. पेटीला मी लावलंय."

पोलीस बाईंनी विचारलं, काय म्हणतायत हे? "कुलूप आहे, असं म्हणतायत," मी म्हटलं. मग त्यांनी हातमोजे घातले, डिकी आणि बॅगेची चेन उघडली, मफ्स बाजूला केल्या, टार्गेट्स बाजूला केली. पिस्तुलाच्या काळ्या पेटीच्या दोन्ही कड्यांतून एक जाडजूड पितळी कुलूप लागलेलं होतं. अलिगढचं, घासून गुळगुळीत झालेलं. मी ते जन्मात बघितलं नव्हतं.

पोलीस बाईंनी ते ओढून बघितलं. पुन्हा जोर लावून ओढलं. पेटी कुलपासकट वर उचलली गेली, पण कुलूप जागचं हललं नाही. "आल्झो," त्या म्हणाल्या, "हे तर माझ्या तळघराच्या कुलपापेक्षा चांगलं आहे."

नंबर पडताळायला पेटी उघडायची होती. मी किल्लीसाठी बाबांकडे हात केला. "माझ्याकडे कशी असेल? तुझी वस्तू, तुझ्याकडे किल्ली," ते म्हणाले. "पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली आहे." होती तिथेच. मी पेटी उघडली, आणि पोलीस बाई नळीवरच्या लाल ठिपक्याकडे बघून एकदम थबकल्या. ते रक्त नाही, रंग आहे, आज आमच्याकडे अवजारांची पूजा असते, मी भराभर सांगितलं. लॅपटॉपलाही लावलंय, विळीलाही. त्यांनी नंबर परवान्याशी ताडून पाहिला, गोळ्यांचा डबा वेगळा आहे हे पाहिलं, आणि वही खिशात टाकली.

"कुलूप आहे, नोंद करण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी निघताना स्वतः बघा. फील एरफोल्ग, स्पर्धेसाठी शुभेच्छा."

त्रिकोण बघायचा त्या विसरल्या. मी आठवण करून दिली नाही.

गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. छातीवरचं ओझं इतकं झटकन उतरलं की मला हसू यायला लागलं आणि मधूनच रडूही. चौदा तारीख जागच्या जागी होती. फ्रिजवरचं पत्र खरं होतं. बाबांनी खिशातून रुमाल काढून दिला, धुतलेला, इस्त्रीचा.

"कधी लावलंत?"

"तू गोळ्या आणायला आत गेलीस तेव्हा. बॅगेत पेटी बिनकुलपाची दिसली. आमच्याकडे असली पेटी गेटबाहेर जाऊच द्यायचे नाहीत. चौरंगावरचं पूजेतलं कसं उचलायचं, म्हणून माझ्या सूटकेसचं काढून लावलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"हात लावू नका म्हणाली होतीस ना. मी पेटीला हात लावला होता. म्हटलं, पुन्हा ओरडशील."

ओरडलेच असते. सव्वादहाला, पॅसेजमध्ये, पहिलं तेच केलं असतं, आणि कुलपाचं माझ्या डोक्यात शिरायला आणखी पाच मिनिटं लागली असती. हे मला लख्ख कळलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस मला वाचवून अर्धा तास शेजारी गप्प बसला होता, कारण त्याला माझ्या आवाजाची भीती वाटत होती.

"बाबा, चुकलं माझं. घरी जाऊ या," मी म्हटलं. "आज नको वापरायला. मॅच पुढच्या वर्षी असतेच."

"खरंच?"

"खरंच."

त्यांनी मान डोलावली. मी गाडी वळवली. दोन किलोमीटर गेल्यावर त्यांनी शेतातला एक लाल ट्रॅक्टर दाखवून त्याची किंमत विचारली. मी माहीत नाही म्हटलं, आणि म्हटलं, "आणि हे बघा, यापुढे मी कितीही रागावले तरी असलं काही असेल तर आधी सांगायचं."

"सांगीन," बाबा म्हणाले, "पण आधी कुलूप लावीन."