सब्ज्याचे मोती

"तिन्ही लोक माझ्या नजरेपुढे उभे आहेत," असं मोतीवाले महाराज आरे-वारेजवळच्या आमच्या वाडीत गरजले आणि दीपालीच्या उंबरठ्याला ठेचकाळले. गर्दीने हात जोडले. उंबरठा बहुधा चौथ्या लोकात असावा.

दीपालीच्या सानिकाला कांजिण्या आल्या होत्या. म्हणजे आमच्याकडे देवी. आणि देवी घरात असताना डॉक्टर गाठणं म्हणजे पाहुणीला हाकलून देणं. पुरळ सुकलं, पण उजवा डोळा लाल झाला. उजेड सोसेना. "आई, ह्या डोळ्याला सगळं धुक्यात दिसतंय गो," सानिका म्हणाली. बाप मुंबईला. दीपालीने ऐकलं आणि भिंतीकडे बघत राहिली. हल्ली ती तेवढंच करायची.

महाराजांनी त्या डोळ्यात चिमूटभर अंगारा सोडला. जरा वेळाने पापणी ओढून पांढरा, बुळबुळीत मोती काढला. देवीचा प्रसाद. पूर्वी महाराज किनाऱ्यावर फालुद्याची गाडी लावत. पण तो पूर्वाश्रम.

शाळेच्या मालिनीबाईंनी उरलेला अंगारा पाण्याच्या ग्लासात टाकला. राख खाली बसली. तिच्यातले काळे दाणे फुगले, पांढरे झाले.

"सब्जा आहे," बाई म्हणाल्या. "डोळ्यातलं पाणी पिऊन फुगतो. हा तुमचा मोती."

"म्हणजे ग्लासातपण देवी आली," रिक्षावाला रघू म्हणाला आणि ग्लासाच्या पाया पडला.

तेव्हा श्रीपती आजोबा उठले. देवापुढे वाडीचं गाऱ्हाणं तेच घालतात. त्यातले शब्द कोणी ऐकत नाही. आजोबा थांबले की सगळ्यांनी होकार द्यायचा, एवढंच. मात्र देवापुढे दिलेला होकार फिरवायचा नसतो.

"बा देवा म्हाराजा, लेकराचा डोळा राख."

"व्हय म्हाराजा."

"तिला आत्ताच्या आत्ता रघूच्या रिक्षातून रत्नागिरीला, डोळ्याच्या डॉक्टरकडे पोचव."

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज मोतीवाल्यांचा होता.

रघूने निमूट रिक्षा काढली.

डॉक्टर म्हणाले, कांजिण्यांचा विषाणू बुबुळापर्यंत पोचलाय, वर सब्ज्याचे ओरखडे. औषधाने डोळा वाचला. कडेचं धुकं मात्र राहणार. दीपालीने मान हलवली. रडली नाही.

कांजिण्यांत मुलाचा डोळा लाल झाला, दुखला, धुरकट दिसू लागलं, तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठा. देवी थांबेल, विषाणू थांबत नाही.

आणि सब्जा तेवढा फालुद्यातच घाला.