नानांची टाच

रंगमंचापुढच्या खड्ड्यात वादक सात आणि पाय एक, असा नानांचा कायदा होता. जागा इतकी अडचणीची, की काठी फिरवायला संचालक उभा करायचा तर एक वादक घरी बसवावा लागला असता. त्यामुळे तीस वर्षं सगळा कारभार नानांच्या डाव्या टाचेवर चालला होता. नाना व्हायोलिन वाजवत आणि टाच खालच्या फळ्यांवर आपटत. मागच्या कोपऱ्यातल्या ड्रमवाल्याला नाना दिसतसुद्धा नसत, पण फळ्यांमधून ठेका त्याच्या तळव्यांना बरोब्बर पोचायचा.

नानांची मुलगी त्यांच्या डाव्या हाताला बसून दुसरं व्हायोलिन वाजवी. लहानपणी सराव करताना तिचा पाय हलू लागला, की नाना तो खुर्चीला रुमालाने बांधून टाकत. "एका घरात दोन घड्याळं कशाला? भांडतात मेली!" म्हणत आणि स्वतःच हसत. तिला कधी हसू आलं नाही. गेल्या वर्षी बासरीवाल्याचा पाय जरा हलला, तर नानांनी मॅनेजरला सांगून त्याला नारळ दिला. बिचारा हातापाया पडला. नाना म्हणाले, "ठेका सांभाळता येत नाही त्याने घरी झोपा काढाव्यात."

आणि त्याच नानांची टाच या हिवाळ्यात बिघडली! आधी संथ चालीत दोन ठोक्यांच्या मध्ये एखादा चोरटा ठोका पडे. मग तीन-चार, आणि मग नुसती थरथर. बाकीच्यांना सवयच तशी, ते टाचेमागे धावणार. नृत्यनाट्यातलं शोकाचं नृत्य गाडी चुकत असल्यासारखं पळू लागलं.

"नाना, एकदा डॉक्टरांना दाखवूया का?" मुलीने जेवताना विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

बोलताना त्यांच्या हातातला चमचा वाटीवर टकटक वाजत होता. दोघांनीही तो ऐकला आणि खाली माना घालून जेवण उरकलं.

मग तिने आपल्यापुरता मार्ग काढला. खेळ सुरू झाला की ती उजवा पाय नानांच्या डाव्या बुटावर, नाडीपाशी, आडवा ठेवी आणि त्यांची टाच दाबून धरी. आपल्या डाव्या टाचेने ती स्वतः ठेका देई. जन्मात पहिल्यांदा. खेळ सुरळीत झाले. नाना काही बोलले नाहीत. त्यांचा पाय बधिर झाला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

तीन आठवड्यांनी ड्रमवाल्याने घोळ घातला. मनाने भला माणूस, पण तोंडाला लगाम नाही. खेळ संपल्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "नाना, ठेका एक खुर्ची डावीकडे सरकलाय की हो! पण काय घट्ट आहे! ताईचाच ना?"

नाना तडक घरी आले. आल्यावर फुटले. "खुर्ची हवी होती तर मागायचीस! बापाच्या पायावर पाय देऊन घेतेस?"

"नाना, तुमचा पाय थरथरतो हो! कुणी सांगायला धजत नाही, म्हणून मी..."

"माझा? चोराच्या उलट्या बोंबा!"

ती रडली, त्यांच्या गुडघ्याला हात लावून रडली. त्यांनी गुडघा बाजूला घेतला. सकाळी मॅनेजरपुढे जाऊन त्यांनी कायदा ऐकवला, "खड्ड्यात पाय एकच. एक तर ती, नाही तर मी." त्यांचा शब्द मोडायची छाती मॅनेजरला नव्हती.

दुपारच्या खेळाला ती प्रेक्षकांत बसली नाही. खड्ड्यात उतरायच्या दारात, शेवटच्या पायरीवर उभी राहिली. पहिली दोन नृत्यं कशीबशी निभावली. मग शोकाची संथ चाल आली आणि नानांची टाच सुटली. टकटकटकटक. सगळी वाद्यं त्या टाचेमागे धावली. वर प्रेत वाहून नेणाऱ्या नर्तकांची त्रेधा उडाली आणि थिएटरात हसण्याची लाट उठली.

नानांनी डावीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. व्हायोलिन न थांबवता त्यांनी उजवा पाय उचलला आणि आपल्याच डाव्या बुटावर ठेवला. नाडीपाशी. आडवा. अगदी ती ठेवायची तसाच.

तिने ते दारातून पाहिलं. म्हणजे नानांना सगळं ठाऊक होतं! पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्यांनी तिचा पाय तिथे राहू दिला होता.

टाच दबली. पण आता ठेका द्यायला पायच उरला नाही. फळ्या मुक्या झाल्या. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेतच थांबल्या, ट्रम्पेट बंद पडला, मग एकेक करत बाकीचे. एकटे नाना डोळे मिटून वाजवत राहिले, आणि त्यांचा हातही आता थरथरत होता.

तिने तिथूनच टाच आपटली. जोरात आपटली, पुन्हा आपटली, घोटा दुखेपर्यंत आपटत राहिली. एकानेही वळून पाहिलं नाही. दारातली पायरी सिमेंटची होती.