सर्व्हरमधल्या पुलाचा बळी

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या बोळात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. केसपेपरच्या रांगेतली माणसं रांग मोडून आली होती. नर्सेस टाचा उंचावून बघत होत्या, आणि पाय प्लास्टरमध्ये असलेला एक गृहस्थ अनोळखी माणसाच्या खांद्यावर भार टाकून पुढे घुसत होता. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या टीव्हीकडे लागले होते. एरवी त्यावर कुणाचा नंबर कुठल्या खोलीत लागला ते दिसतं. आज म्हणे चमत्कार दिसणार होता.

टीव्हीखाली टेबल, टेबलावर पत्र्याचं काळं खोकं, खोक्यावर लुकलुकणारे निळे दिवे. खोक्याच्या पाठीमागून दोन वायरी निघून शेजारच्या सर्व्हरच्या खोलीत दाराखालून गेल्या होत्या. खोक्यामागे लोक ज्यांना पूलगुरू म्हणत ते बाबा उभे होते. बंद गळ्याचा काळा कोट, गुळगुळीत डोकं, आणि आवाज असा की गिऱ्हाइकाला महागडी गादी विकतायत असं वाटावं. ते सांगत होते की यंत्रालाही जीव असतो, त्यालाही स्पंदनं कळतात, आणि कुणाचा पायगुण कसा आहे हे त्याच्या गाभ्याला आपल्या आधी समजतं.

मग त्यांनी बोटाने खूण केली. आमची कॉम्प्युटरवाली मुलगी काचेच्या दारातून आत गेली आणि सर्व्हरसमोरच्या खुर्चीत बसली. गुरूंनी डोळे मिटले, उजवा तळवा खोक्यावर ठेवला, काहीतरी पुटपुटत तो दाबून दाबून फिरवला. टीव्ही काळा झाला. बोळभर एकच सुस्कारा उठला. मुलीला बाहेर काढून सर्व्हर पुन्हा चालू केला आणि तिच्या जागी एका कारकुनाला बसवलं. गुरूंनी पुन्हा खोकं कुरवाळलं, या वेळी अगदी हलकेच. टीव्ही ढिम्म हलला नाही. मुलगी गर्दीतून परत जायला निघाली तेव्हा लोकांनी तिला वाट करून दिली. ती आदराने दिलेली नव्हती. मोठ्या सिस्टरांनी तर तिचा स्पर्श होऊ नये म्हणून अंग चोरलं.

मी हा सगळा तमाशा बघत होते, कारण माझी प्रयोगशाळा त्याच बोळाच्या टोकाला आहे. रक्त तपासणं हे माझं काम. टीव्ही काळा होतो तेव्हा माझे रिपोर्टही अडकतात. त्या वेळी वरच्या मजल्यावर एक बाई ऑपरेशनच्या टेबलावर होती आणि तिच्या रक्ताचा रिपोर्ट हवा होता. मी तो हाताने लिहिला आणि गुडघ्यांना शिव्या घालत जिने चढून नेऊन दिला. उतरताना मी ठरवलं की या काळ्या कोटाची खोड मोडल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

आता हे सुरू कसं झालं ते सांगते. सर्व्हरच्या खोलीच्या भिंती रंगवून झाल्या त्या सुमारास आमचा सर्व्हर पडायला लागला. कधीही पडायचा, कुणाचीही पाळी असो. नेमकी त्याच सुमारास ही मुलगी नोकरीला लागली होती. तिने पडद्यावरचा मजकूर वाचला आणि साहेबांना, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांना, सांगितलं की कर्नल पॅनिक होतोय. दारावरचा रखवालदार लष्करातून निवृत्त झालेला. तो उसळलाच. कर्नल घाबरला म्हणजे काय? कुठल्या पलटणीचा? ऑफिस पोट धरून हसलं, आणि साहेबांनी फर्मान काढलं की यापुढे फळ्यावरची सूचना शुद्ध मराठीत लिहायची, लोकांना कळली पाहिजे.

मुलगी आधीच वैतागलेली. तिने शब्दाला शब्द ठेवला. 'पुलामुळे गाभा घाबरतो आणि सर्व्हर पडतो. पूल दुरुस्त होईपर्यंत सहकार्य करावे.' यातला एकही शब्द चूक नव्हता. त्या एका मोठ्या यंत्रात बरीच छोटी यंत्रं चालतात, एक माझ्या प्रयोगशाळेचं, एक औषधांचं, एक केसपेपरचं. त्या सगळ्यांना बाहेरच्या वायरीशी जोडणारी जी आतली सोय असते तिला त्यांच्या धंद्यात पूल म्हणतात. आणि गाभा म्हणजे तिचा तो 'कर्नल', यंत्राचा सगळ्यात आतला प्रोग्राम. त्याला न झेपणारं काही समोर आलं की तो सगळं थांबवून बसतो.

पण आमच्या माणसांना एवढं कुठे ऐकायचं होतं? पूल, गाभा, घाबरतो, एवढे तीन शब्द त्यांना पुरले. संध्याकाळच्या आत बोळात बातमी पक्की झाली की रुग्णालयाच्या पायाखाली जुना पूल गाडलेला आहे, त्याला बळी द्यायचा राहून गेलाय, आणि तो आता मागतोय. चांगली शिकली-सवरलेली माणसं कॅन्टीनमध्ये बसून हे बोलत होती. माझ्याच प्रयोगशाळेतल्या एकाने मला विचारलं की मॅडम, तुमचं काय मत? मी त्याला म्हटलं, माझं मत असं की तू आधी परीक्षानळ्या धू.

मग साहेबांच्या मेव्हण्याने पूलगुरूंना आणलं. गुरूंनी दार लावून खोलीचं 'शुद्धीकरण' केलं आणि काय आश्चर्य, सर्व्हर पडायचा थांबला. साहेब भारावले. त्यानंतर गुरूंनी खोकं बसवलं आणि सांगितलं की पूल तात्पुरता शांत आहे, बळी मात्र लागणारच. रक्त नको, काळ बदललाय. ज्या माणसाचा पायगुण वाईट आहे तेवढा एक माणूस इथून काढला की झालं. कोण ते पूलच दाखवेल. आणि पुलाने दाखवलं ते तुम्ही पाहिलंच.

तीन-चार दिवसांनी एका दुपारी मुलगी माझ्याकडे येऊन स्टुलावर बसली. ती रडत नव्हती, रागाने धुमसत होती. तिला काढल्याचा हुकूम टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर पडला होता, फक्त सही बाकी होती. तिला सर्व्हरच्या खोलीत एकटीने जायला बंदी होती. लिफ्टमध्ये ती शिरली की लोक बाहेर पडत. आणि त्या प्लास्टरवाल्या गृहस्थाने घराकडे जाऊन सगळं सांगितलं होतं, तो तिच्याच शेजारचा निघाला. आता सासूबाई नवऱ्याच्या कामावर निघण्याच्या वेळी तिला समोर येऊ देत नव्हत्या.

"नवरा काय म्हणतो?" मी विचारलं.

"काहीच म्हणत नाही. तेच तर."

मी तिला चहा दिला आणि म्हटलं, मला अडाणी समज आणि सर्व्हर का पडतो ते सांग. ती म्हणाली, अडाणी कशाला, तुम्ही बोळातली अफवा बघा ना. शिपाई नर्सला सांगतो, नर्स कारकुनाला, कारकून पुन्हा शिपायाला. शिपायाला वाटतं ही नवीनच बातमी आली, तो पुन्हा नर्सला सांगतो. आमच्या पुलाचं तसंच झालं होतं. त्याला भिंतीकडे जाणारी एकच वायर हवी. दुसरीही लागली की एकीतून गेलेला निरोप दुसरीतून परत येतो, पुन्हा बाहेर जातो, पुन्हा येतो, थांबतच नाही. नवा गाभा असला तर हे सोसतो. आपला जुना आहे, तो मान टाकतो. तिने पहिल्याच आठवड्यात साहेबांना सांगितलं होतं की मला वायरी तपासू द्या आणि गाभा बदलू द्या. साहेब म्हणाले होते, बघू.

"आणि त्या खोक्यात दोन वायरी गेल्यात," मी म्हटलं.

"दोन्ही आपल्याच पुलाच्या," ती म्हणाली. "मी हे सगळ्यांना ओरडून सांगितलं. तर मलाच म्हणाले, चोराच्या मनात चांदणं."

मी साहेबांकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी गोड बोलले. म्हटलं, सही करण्याआधी एक चाचणी घेऊन टाका, उद्या युनियन विचारायला नको. काचेला पडदा लावू. आत कोण बसलंय ते फक्त आपल्याला ठाऊक. गुरूंना सांगायचं की तीच बसली आहे, आणि बसायचं तुम्ही. तुमच्यासारखा शुभ पाय या इमारतीत दुसऱ्या कुणाचा आहे? साहेब खुलले. असा माणूस स्तुतीला नाही म्हणत नाही. सर्व्हर पडणार नाही अशी त्यांना खात्री होती, म्हणूनच ते तयार झाले.

चाचणीच्या सकाळी मी ऑपरेशनवाल्यांना आधीच सांगून ठेवलं, तातडीचे सगळे रिपोर्ट हाताने पुरे केले. बोळ पुन्हा भरला. मुलगी सगळ्यांदेखत आत गेली, पडदा ओढला, आणि मागच्या दाराने ती बाहेर आली तेव्हा साहेब आत खुर्चीत बसले होते. ती वळसा घालून माझ्याशेजारी गर्दीत येऊन उभी राहिली. गुरूंचे डोळे मिटलेले, भक्तांचे टीव्हीवर. तिच्याकडे बघायला कुणाला सवड होती?

गुरू म्हणाले की पूल भुकेला आहे, गाभा थरथरतो आहे. त्यांनी तळवा खोक्यावर ठेवला आणि चांगला जोर देऊन फिरवला. टीव्ही काळा झाला.

"बघा," गुरू गरजले, "असल्या पांढऱ्या पायाच्या माणसाने कुठल्याच खुर्चीत बसू नये. ओढून बाहेर काढा."

मी पडदा सारला. साहेब गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, पायात चकचकीत पॉलिश केलेले बूट, आणि तोंडचं पाणी पळालेलं. गुरू पटकन सावरले. म्हणाले, त्या बाईची स्पंदनं खुर्चीत उरली असतील. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण निम्म्या माना डोलल्या. माझा संताप झाला. मी साहेबांना म्हटलं, तुम्हाला सगळ्यांसमोर पांढऱ्या पायाचे म्हणाले, आता निदान खोकं तरी उघडा.

गुरूंनी बजावलं की हात जळेल. साहेबांनी मुलीच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि झाकण उचकटलं. आत वजनासाठी कागदात गुंडाळलेली वीट होती. निळ्या दिव्यांची माळ बॅटरीवर चालली होती. दोन्ही वायरी एका स्वस्तातल्या डबीत खोचलेल्या होत्या, आणि त्या डबीची वीज झाकणाखालच्या एका बटणातून जात होती. तळवा दाबला की बटण दबणार, डबी चालू होणार, वायरी एकमेकींना जोडल्या जाणार आणि गाभा मान टाकणार. तोवर पुटपुटत राहायचं, एवढीच त्यातली सिद्धी.

बटण बघून मोठ्या सिस्टर पुढे आल्या. ते आमच्याच बायकांच्या वॉर्डातलं होतं, नर्सला बोलवायला खाटेशेजारी लटकतं ते. त्यावर खाटेचा नंबर लाल रंगाने लिहिलेला. त्या खाटेवरची म्हातारी किती तरी दिवस घसा फोडून नर्सला हाका मारत होती, आणि सिस्टर तिलाच ओरडत होत्या की घंटी हरवलीस कुठे.

मुलीने सगळ्यांना समजावून सांगितलं. रंगाऱ्यांनी खोली आवरताना एक लोंबकळणारी वायर दिसेल त्या रिकाम्या भोकात खोचली होती. पहिले सगळे अपघात तिच्यामुळे झाले. गुरूंनी शुद्धीकरणात ती उपटली, आणि तीच पुढे खोक्यात आणून हवी तेव्हा जोडली. लोकांनी ऐकून घेतलं आणि टीव्ही चालू होताच आपापले नंबर बघायला पळाले. गुरूंना कुणी बोटही लावलं नाही. रुग्णालयाची बदनामी नको म्हणून पोलिसांनाही कळवलं नाही. मेव्हण्याने त्यांना स्वतःच्या गाडीतून पोचवलं.

साहेबांनी हुकूम फाडला. माफी मात्र कुणीच मागितली नाही. मुलीने त्याच दुपारी नवा गाभा बसवला आणि मला बोलावून दाखवला. दोन्ही वायरी तिने आपल्या हाताने जोडल्या, टीव्ही चालूच राहिला. तो चमत्कार बघायला बोळात मी एकटीच होते.

दोन-चार दिवस लोकांनी लिफ्टमध्ये साहेबांनाही टाळलं. मग साहेबांनी रजा नामंजूर करायला सुरुवात केली आणि त्यांचा पायगुण एकदम सुधारला. मुलीचा सुधारला नाही. ती पुढे बरेच आठवडे काम करत होती, सर्व्हर एकदाही पडला नाही, आणि मोठ्या सिस्टर तिला बघून तशाच अंग चोरायच्या. खोकं खोटं असेल, त्या म्हणायच्या, पण ती आली आणि सुरू झालं हे तर खरं ना? शेवटी तिने दूरच्या गावी नोकरी धरली. जाताना मला म्हणाली की यंत्राचा गाभा बदलून दिला, तेवढाच माझ्या हातात होता.

परवा लिफ्टपाशी साहेब भेटले. खुशीत होते.

"काही म्हणा डॉक्टर," ते म्हणाले, "ती गेल्यापासून सर्व्हर एकदाही पडला नाही."

ज्या माणसाने स्वतःच्या हाताने ते खोकं फोडलं, तो हे बोलला. मी लिफ्टमध्ये शिरले नाही, जिन्याने गेले. वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मोठं शिक्षण लागत नाही, शास्त्रही नंतर शिका. कुणाला अपशकुनी म्हणण्याआधी एकदा पडदा लावून बघा. आणि कानावर आलेली गोष्ट पुढे सांगण्याआधी आठवून बघा, ती काल तुमच्याच तोंडून तर बाहेर पडली नव्हती ना. आमच्याकडे एवढंही कुणी केलं नाही, आणि एका चांगल्या पोरीला नोकरी सोडून जावं लागलं.