दोऱ्याचा रंग

रंगाऱ्याने कोटाचे खिसे उलटे करून पाहिले, कॉलर झटकली आणि कोट तराजूत टाकला. काळ्याला पूड दुप्पट लागते, त्या हिशेबाने त्याने डबा उघडला.

"सुती आहे. चढेल," तो म्हणाला.

लेक काउंटरला टेकून उभी होती. सोमवारपासून ती एका हॉटेलात कामाला लागणार होती, आणि तिथे काळा कोट सक्तीचा होता. हा पिवळा कोट तिच्या आईचा. आई जाऊन सात आठवडे झाले होते.

"परत पिवळा नाही ना होणार, बाबा?"

"काळ्यावर दुसरा रंग चढत नाही. काळ्या दगडावरची रेघ."

"मग करायचा?"

"तूच आणलास ना?"

"तुमचं काही म्हणणं नाही?"

"माझं कसलं म्हणणं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पातेल्याखालचा गॅस मोठा केला.

या दुकानात लोक काळ्याकडे नाना आशेने येत. कुणाला बारीक दिसायचं असे, कुणाला भारदस्त. वाढप्यांना डाग लपवायचे असत, आणि नाटकात पडदे ओढणाऱ्यांना आख्खं स्वतःलाच. रंगारी सगळ्यांना एकाच डब्यातला काळा देई आणि ज्याला त्याला हवं ते मिळे. बायको म्हणायची, तुमच्यापेक्षा तुमचा डबा हुशार आहे.

कोट पाण्यात बुडाला तेव्हा रंगाऱ्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याने क्षणभर वाटही पाहिली. काहीच आलं नाही. सात आठवडे हे असंच चाललं होतं: भूक लागे, झोप लागे, गिऱ्हाइकांशी बोलणं होई, आणि आत नुसती मोकळी खोली. 'मन घट्ट आहे तुमचं,' शेजारचा घड्याळवाला म्हणाला होता. त्यावरही तो 'हो' म्हणून मोकळा झाला होता.

तासभर त्याने काठीने कोट ढवळला. मग धुवायला घेतला. पहिलं पाणी निळं निघालं. त्याच्या काळ्याच्या पोटात निळा होता. चौथं पाणी स्वच्छ आलं. त्याने कोट पिळला, झटकला आणि दारापाशी उजेडात धरला.

"बाबा," लेक म्हणाली, "हे काय?"

काळ्या कापडावर पिवळ्या रेघा उमटल्या होत्या. खांद्यावर, बाह्यांवर, काठांवर, जिथे जिथे शिवण होती तिथे. दोरा पॉलिएस्टरचा होता. असा दोरा या रंगात कितीही उकळला तरी रंग धरत नाही. कपडा घेतानाच तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, 'दोरा तसाच राहील, चालेल?' बावीस वर्षांत एकदाही विचारायचं राहिलं नव्हतं. आज राहिलं.

"विसरलो," तो म्हणाला.

लेकीने खणातून काळा मार्कर काढून दिला. शिवणी झाकायचं ते नेहमीचं औषध. त्याने टोपण काढलं, बाहीवर वीतभर रेघ मारली आणि उजव्या खिशापाशी आला.

तिथली शिवण मशीनची नव्हती. लहानमोठे, वाकडे टाके, कोपऱ्यात तर एकावर एक चढलेले. फिरायला निघालं की दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा तो बायकोच्या खिशात टाकी. खिसा दोनदा फाटला. दोन्ही वेळा तिने दुकानातल्या स्टुलावर बसून, त्याला शिव्या घालत तो शिवला होता. पिवळ्यावर पिवळा दोरा. इतकी वर्षं दिसलाच नव्हता.

त्याने टाक्यांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मार्करचं टोपण लावलं.

"असा नाही चालणार तिथे," लेक हळूच म्हणाली.

"तुला दुसरा आणू. उद्याच."

"आणि हा?"

खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा त्याने काढला आणि त्या ओल्या खिशात सोडला. मग कोट दोन्ही हातांनी वर धरून तो खिशाकडे बघत राहिला, टाके धरतायत का म्हणून. तो कोट खाली घेईना, तशी लेक पुढे आली आणि तिने कोटाची दुसरी बाजू धरली.